हर्षदाची जुळी

हर्षदा बोरस्ते पळायला यायची ती सॅक घेऊन. निळी सॅक, तिच्या मुलीने बारावीनंतर टाकून दिलेली, एका बंदाला घरचा टाका. आत काय असायचं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की आम्हाला कल्पना नव्हती. नवऱ्याच्या, म्हणजे तुषारच्या, दोन बाटल्या: एक साध्या पाण्याची, एक कोकम-मीठ-साखरेची. त्याचा टॉवेल. त्याचा कोरडा टी-शर्ट, कारण घाम अंगावर वाळला की त्याला शिंका येतात. आमच्या मंडळातल्या गायधनी सरांचा गुडघ्यावर मारायचा स्प्रे. सगळ्यांसाठी केळी आणि चिक्की. निघताना हवेसे वाटलेले आणि थोडं अंतर पळल्यावर नकोसे झालेले सगळ्यांचे स्वेटर. शिवाय सगळ्यांच्या गाड्यांच्या किल्ल्या, कारण खिशात किल्ल्या वाजल्या की म्हणे पळण्याची लय बिघडते. त्या सगळ्या मिळून हर्षदाच्या पाठीवर वाजायच्या, तेव्हा कुणाची लय बिघडत होती हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

तिचा स्वतःचा त्यात एक रुमाल असायचा. तोही परतताना बहुतेक दुसऱ्याच कुणाच्या हातात दिसायचा.

आमचं घाम मंडळ नाशिकचं. दर रविवारी पहाटे गंगापूर रोडला जमायचं, धरणाच्या दिशेने पळायचं, आणि घाम वाळायच्या आत मिसळीच्या टेबलावर बसून जाळलेलं सगळं भरून काढायचं, हा आमचा नेम. जमाखर्च काढला तर मंडळाच्या स्थापनेपासून आमचं सगळ्यांचं वजन मिळून वाढलेलंच निघेल. मंडळात खरा पळणारा एकच, तुषार. अंबडला त्याचा इलेक्ट्रिकल पॅनेल बनवायचा कारखाना आहे आणि स्वतःही तो करंट लागल्यासारखाच पळतो. सुटला की दिसेनासा व्हायचा, मग वळून मागे यायचा, हर्षदापाशी पाणी प्यायचा, पुन्हा सुटायचा. त्याचं बघून बाकीच्यांनीही हेच सुरू केलं. पुढचे मागे यायचे, मागचे ओरडायचे, आणि मध्ये हर्षदा, पळतं पाण्याचं टेबल. तुषारला तर मागावंही लागत नसे. त्याचा उजवा खांदा जरा खाली आला की तिने कोकमची बाटली काढलीच. खांदा खाली येतो हे तुषारला स्वतःला ठाऊक नव्हतं. त्याला वाटायचं, आपल्याला तहान लागायला आणि बाटली समोर यायला नेहमी एकच गाठ पडते.

मी मंडळात सगळ्यात मागून पळते. मागून पळणाऱ्याला माणसं नीट दिसतात.

तर दोन हजार एकोणचाळीसच्या त्या हिवाळ्यात नाशिकच्या शर्यतीत जुळी आली.

जुळ्याचं कंपनीने ठेवलेलं नाव लांबलचक होतं, ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. गोष्ट साधी होती. दंडावर नखाएवढी पट्टी चिकटवायची. ती घामातलं मीठ मोजते आणि लॅक्टेट मोजते. स्नायूंना प्राणवायू पुरेनासा झाला की ते थोडा वेळ त्याच्यावाचून काम ओढतात, आणि त्या ओढाताणीची खूण म्हणजे हे लॅक्टेट. मनगटावरचा पट्टा हृदयाचे ठोके ऐकतो. बुटातल्या पातळ तळव्याला पाऊल कसं पडतं, कधी पडतं, ते कळतं. असं तीन महिने पळलात की यंत्राकडे तुमची एवढी माहिती जमते, की त्यातून ते तुमच्यासारखंच एक शरीर गणितात उभं करतं. तुमचंच हृदय, तुमचेच पाय, तुमचीच थांबण्याची खोड. मग त्या शरीराला ते शर्यतीच्या रस्त्यावर, त्या दिवशीच्या हवेत, हजारो वेळा पळवून बघतं आणि सांगतं: तुम्ही अमुक वेळात पोचाल. मिनिटभराचासुद्धा फरक पडत नसे.

याचे परिणाम व्हायचे ते झाले. शर्यतीच्या दिवशी पाहुणे तासन्‌तास उभे राहीनासे झाले. जुळं ज्या मिनिटाला पोचणार त्याच्या दोन मिनिटं आधी रिक्षातून उतरायचे, टाळ्या वाजवायचे आणि त्याच रिक्षाने परत. लग्न जुळवणाऱ्या ॲपवर उंची आणि पगाराच्या खाली जुळ्याची वेळ आली. आमच्या ओळखीतल्या एकाने तर जुळं चांगलं आलं म्हणून पेढे वाटले आणि शर्यतीला गेलाच नाही. आता सिद्ध काय करायचं राहिलंय, म्हणाला.

पळताना जुळं कानात बोलतं, तेही आपल्याच आवाजात. तू माझ्या पुढे आहेस, तू माझ्या मागे आहेस, असं सांगत राहतं. आपल्याच आवाजाने आपल्याला टोकलं की माणूस उलट बोलत नाही, हे कंपनीने बरोबर हेरलं होतं.

पुढच्या वर्षी मंडळाची जुळी बनवायला घेतली तो दिवस मला चांगला आठवतो. ॲप एकेकाला प्रश्न विचारत होतं. हर्षदाची पाळी आली तेव्हा ती खाली बसून गायधनी सरांचा स्वेटर सॅकमध्ये कोंबत होती, म्हणून तिचा मोबाइल तुषारने हातात धरला होता.

"धावताना अंगावर जादा वजन असतं का?" मोबाइलने विचारलं.

"छे!" तुषार म्हणाला.

"नाही हो," हर्षदाने चेन ओढत मान वर केली, "मी एकटीच असते."

आम्ही सगळे तिथेच उभे होतो. कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. सॅक म्हणजे वजन हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. सॅक म्हणजे हर्षदा.

*

तीन महिन्यांनी मिसळीच्या टेबलावर निकाल आले.

"दोन एकवीस!" तुषारने मोबाइल टेबलाच्या मधोमध ठेवला, सगळ्यांना दिसेल असा.

"वा तुषारराव," गायधनी सर म्हणाले. सर गणिताचे निवृत्त शिक्षक, कुणाचं कौतुक करायचं झालं तर आधी दोन मार्क कापून घेतात. "म्हणजे तुमचं जुळं पळणार. तुम्ही आता घरी पांघरूण घेऊन पडलात तरी चालेल."

"तुमचं काय आलं सर?"

"दोन अठ्ठावन्न. माझ्या जुळ्याचा गुडघा माझ्यापेक्षा बरा दिसतोय."

हर्षदा पावाला हात न लावता मोबाइलकडे बघत होती. मी डोकावले. तीन तास नऊ मिनिटं. त्याखाली यंत्राने कारणंही दिली होती: वजनाच्या मानाने प्राणवायूचा वापर फार, शरीर उधळं, वारंवार विश्रांतीची गरज.

आमच्या एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत मेडल तीन तासांच्या आत येणाऱ्यांनाच. त्यानंतर टेबल आवरतात. आणि ज्यांचं जुळं तीन तासांच्या पलीकडे, त्यांना छातीवर पिवळा नंबर. पिवळ्यांनी सगळ्यांच्या मागून निघायचं, आणि पंधराव्या किलोमीटरला आपल्या जुळ्याच्या मागे असलं तर निमूटपणे गाडीत बसायचं. माझा नंबर पिवळाच होता. पण मी मनाने कधीच गाडीत बसलेली होते, मला त्याचं काही नव्हतं.

"अगं, एवढं मनाला लावून घ्यायचं नाही," तुषार म्हणाला. "एकेकाच्या शरीराची ठेवण असते. तू आपली नेहमीसारखी कमानीपाशी थांब. मी आलो की टी-शर्ट लागेलच."

"मी पळणार आहे," हर्षदा म्हणाली.

"तीन तासांत नाही होत ते."

"चार वर्षं मी त्या कमानीसमोर उभी आहे. येणाऱ्यांची तोंडं बघते. काय तोंडं असतात हो त्यांची! लहान मुलाला खांद्यावर घेतलं की होतं ना, तसली." तिने पहिला घास घेतला. "मला एकदा पलीकडून यायचंय. वेळेत यायचंय. मेडल घेऊन."

"पण जुळी नाही म्हणतेय ना!"

"ती कोण सांगणारी? तिला मी अजून चहासुद्धा पाजलेला नाही."

गायधनी सरांनी तेवढ्यासाठी तिला पूर्ण मार्क दिले. पण हसणं ओसरल्यावर सगळे पुन्हा तिच्या मोबाइलवरच्या आकड्याकडे बघायला लागले. यंत्र आजवर कुणाच्याच बाबतीत चुकलं नव्हतं.

*

शर्यतीच्या दिवशी नाशिकची थंडी अशी होती की हातमोज्यांतल्या टाळ्यांचा आवाजच होईना. सामान ठेवायच्या खिडकीवरच्या मुलीने हर्षदाला अडवलं.

"काकू, सॅक घेऊन पळता येणार नाही. सुरक्षेचा नियम आहे यंदा."

हर्षदाने सॅक उतरवून खिडकीवर ठेवली. मुलीने ती एका हाताने उचलायला घेतली, मग दोन्ही हात लावले. "वरवंटा आणलाय का काकू?"

"अगं, मग माझं कोकम?" तुषारने विचारलं. त्याचा नंबर पांढरा, पुढच्या रांगेतला. तो जागच्या जागी उड्या मारत होता.

"टेबलं असतात ना रस्त्यात."

"तिथे कोकम नसतं."

"मिठाचं पाणी असतं. बघून घ्या."

बघून घ्या! सव्वीस वर्षांच्या संसारात हे दोन शब्द त्या दिशेने बहुधा पहिल्यांदाच गेले असावेत. तुषारच्या उड्या क्षणभर थांबल्या. मग त्याची रांग पुकारली गेली आणि तो पळाला.

आम्ही पिवळे शेवटी सुटलो. हर्षदा माझ्या शेजारी होती आणि सारखी वळून मागे बघत होती.

"काहीतरी विसरलंय गं."

"गॅस?"

"बंद केलाय."

"गिझर?"

"तोही." तिने खांदे चाचपले. "हात कुठे ठेवायचे तेच कळत नाहीये."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतकी वर्षं तिला पळताना मी पाहिलं ते दोन्ही अंगठे सॅकच्या बंदांत अडकवलेली. आज ते हात मोकळे होते आणि काय करावं हे न कळून इकडेतिकडे जात होते. थोडं पुढे गेल्यावर ते आपोआप हलायला लागले, मागे-पुढे, मागे-पुढे, आणि त्यांच्या तालावर पायही.

"जुळी म्हणतेय सावकाश," ती कानाला हात लावून म्हणाली. "म्हणते हा वेग तुला झेपणार नाही."

"मग जा सावकाश."

"जातेय की. मी सावकाशच जातेय."

आणि बोलता बोलता ती माझ्यापुढे दोन माणसं गेली, मग दहा माणसं, मग वळणावर तिचा टी-शर्ट दिसला आणि दिसेनासा झाला. डोळ्यांनी पाहिलेलं एवढंच. पुढचं मला नवरा-बायकोने वेगवेगळं सांगितलं, आणि जिथे दोघांच्या सांगण्यात मेळ बसेना तिथे मी हर्षदाचं धरलं.

रस्ता द्राक्षमळ्यांमधून धरणाकडे चढत जातो आणि तिथून वळून परत येतो. चढाला हर्षदाने ठरवलं होतं की आता दम लागेल. लागला, पण ओळखीचा नव्हता. नेहमीच्या दमात खांदे भरून यायचे, मान आखडायची. हा दम नुसता छातीत होता आणि खोल श्वास घेतला की निवत होता. कानात जुळी तिच्याच धापा टाकत्या आवाजात सांगत होती, मी मागे आहे, मी अर्धा किलोमीटर मागे आहे, मी एक किलोमीटर मागे आहे. हर्षदाला वाटलं यंत्र बिघडलं. मळ्याच्या कुंपणापाशी उभी असलेली एक बाई ओरडली, "पळ गं माझी बाय!" तर हर्षदाने पळता पळताच तिला, "तुमचा माल निघाला का?" असं विचारून घेतलं. इतका श्वास शिल्लक होता.

पंधराव्या किलोमीटरची तपासणीची चटई तिने ओलांडली तेव्हा तिथल्या स्वयंसेवकाने पिवळा नंबर बघून गाडीकडे हात केला, मग मोबाइलकडे पाहिलं, आणि तोच हात हळूच कपाळाला लावला.

चटईच्या जरा पुढे पेरूवाल्या बसतात. त्यांतल्या एकीच्या उलट्या क्रेटवर तुषार बसला होता. उजवा पाय लांब, पोटरीला गोळा, चेहरा असा की हसावं की उचलावं कळू नये.

"आलीस? बरं झालं. पाणी दे."

हर्षदाचा हात पाठीमागे गेला आणि रिकामाच परत आला.

"सॅक खिडकीत आहे."

"हां. हो की."

ती खाली बसली आणि त्याच्या पावलाची बोटं धरून मागे रेटली. तो कळवळला. "मिठाचं पाणी प्यायलात?"

"टेबलापाशी गर्दी होती."

"सगळ्याच टेबलांपाशी?"

"थांबलो असतो तर वेळ गेला असता ना!"

"मग आता काय करताय?"

पेरूवालीने पेरूला लावायचं तिखट-मीठ पुढे केलं आणि तोंडाला पदर लावला. हर्षदा पुढच्या टेबलाकडे पळत गेली, मिठाच्या पाण्याचे दोन ग्लास घेऊन तितक्याच वेगाने उलटी परत आली, समोरून येणाऱ्यांचे धक्के खात. एक त्याला पाजला, एक त्याच्या हातात दिला, पुन्हा पाऊल धरून बसली. त्याचा गोळा सुटत होता आणि तिची मिनिटं जात होती. ती मिनिटं तिला दिसत होती; मनगटावरच पळत होती.

"मी सहाशे मीटर मागे आहे," तुषारच्या कानात हर्षदाचा आवाज म्हणाला. बायको केव्हा पोचणार ते कळावं म्हणून त्याने तिची जुळी आपल्याही कानात जोडून घेतली होती, पण गोळा आल्यापासून तिच्याकडे त्याचं लक्षच नव्हतं.

"कोण मागे आहे?" तो चमकला. "जुळी मागे? तुझी?"

"सुरुवातीपासून मागेच आहे. काहीतरी बिघडलंय त्यात."

आता तुषार कसाही असो, धंद्याने तो पॅनेलवाला आहे. पॅनेल जास्त करंट ओढायला लागलं की तो यंत्राला दोष देत नाही, नकाशात न दाखवलेलं काय जोडलंय ते आधी शोधतो. त्याने बायकोकडे पाहिलं. ती उठून उभी राहिली होती, धापा टाकत होती, आणि तिचे दोन्ही अंगठे खांद्यापाशी, नसलेल्या बंदांत अडकवलेले होते.

तो हसायला लागला. आधी नाकातून, मग पोटातून, मग पोटरीत पुन्हा कळ आली तरी हसतच राहिला.

"काय झालं हो?"

"अगं, तिच्या पाठीवर सॅक आहे!"

"कुणाच्या?"

"जुळीच्या! यंत्राने तुझं वजन विचारलं, आपण घरच्या काट्यावरचं सांगितलं. सॅकचं सांगितलंच नाही. त्याला वाटलं एवढ्याशा बाईला एवढा प्राणवायू का लागतो? उधळं शरीर, झालं! आणि तू सारखी थांबतेस म्हणून विश्रांतीची गरज. अगं, तू थांबायचीस ती आमच्या घशात पाणी ओतायला!" तो डोळे पुसत होता. "आणि माझं जुळं! त्या लेकाच्या हातात दर थोड्या अंतरावर आयतं कोकम येतंय. ते तिकडे पोचलंसुद्धा असेल. जी सॅक तुझ्या नावे पडली ना, तीच माझ्या जमेला लागलीये."

"म्हणजे मला झेपतं?"

"तुला झेपतं."

"आणि वेळेत?"

तुषारने तिचं मनगट धरून आकडा पाहिला. उरलेलं अंतर पाहिलं. "आत्ता निघालीस तर."

"चला, उठा मग. खांद्यावर हात ठेवा माझ्या, दोघं सावकाश..."

"तू जा."

"आणि तुम्ही?"

"मी दोनशे मीटर मागे आहे," जुळी म्हणाली. या वेळी दोघांच्याही कानात.

"ती येतेय ना," तुषार म्हणाला. "तिच्याकडे पाणी आहे, कोकम आहे, टॉवेल आहे. तिला माझा खांदासुद्धा कळतो. मी तिच्याबरोबर येतो. तू पळ."

हर्षदाने खरोखर वळून रस्त्याकडे पाहिलं, असं पेरूवालीने नंतर मला सांगितलं. रस्ता रिकामा होता. मग तिने खांद्यावरचे अंगठे काढले, हात दोनदा झटकले आणि ती निघाली. पेरूवाली म्हणाली, पळत गेली कसली, सुटलीच.

*

मला पंधराव्या किलोमीटरला गाडीत बसवण्यात आलं. बाकी कशाचं काही वाटलं नाही, पण केळं नव्हतं; ऐन वेळी हात पुढे केला तर समोर कुणीच नाही. गाडीच्या खिडकीतून मला गायधनी सर दिसले, रस्त्याकडेला बसून गुडघ्याला मिठाचं पाणी चोळत होते. आणि जरा पुढे तुषार दिसला. लंगडत होता, एकटाच. पण रस्त्याच्या एका अंगाने, दुसऱ्या माणसाला जागा सोडून चालावं तसा चालत होता, आणि शेजारच्या त्या मोकळ्या जागेशी काहीतरी बोलत होता. मध्येच त्याने हात पुढे केला, काही घेतल्यासारखं केलं, आणि मान मागे टाकून प्यायल्यासारखंही केलं. मी ड्रायव्हरला म्हटलं, ओळखीचे आहेत, बरे आहेत.

कमानीपाशी मी उतरले तेव्हा घड्याळाला तीन तास व्हायला थोडाच अवधी होता. पाहुण्यांच्या रिक्षा येऊन गेलेल्या होत्या. ज्यांची जुळी तीन तासांच्या आत होती त्यांच्यासाठी माणसं आली होती, पिवळ्यांसाठी कुणीच नव्हतं. मेडलच्या टेबलावरचं कापड एकाने दुमडायला घेतलं.

तेवढ्यात ती वळणावर दिसली.

हात कसे हलत होते तिचे! तीन महिने मोजून ज्या शरीराला यंत्राने उधळं म्हटलं होतं, ते असं येत होतं की एक पाऊल वाया जात नव्हतं. लाउडस्पीकरवाल्याने पिवळा नंबर वाचला, थांबला, पुन्हा वाचला. "मंडळी, काहीतरी गडबड आहे, पण बाई खऱ्या आहेत!" मी इतकी ओरडले की शेजारच्या अनोळखी माणसाने आपली बाटली माझ्या हातात दिली. हर्षदा कमानीखालून आली आणि तिचं तोंड अगदी तसंच झालं होतं, लहान मुलाला खांद्यावर घेतल्यासारखं. तीन तासांना एक मिनिट आणि काही सेकंद बाकी होते. टेबलवाल्याने दुमडलेलं कापड पुन्हा पसरलं, आणि त्यावरून मेडल उचलून तिच्या गळ्यात घातलं. इतक्या घाईत कापड पसरायची काही गरज नव्हती, पण बिचाऱ्याला काहीतरी करावंसं वाटलं असणार.

खिडकीवरची मुलगी दोन्ही हातांनी सॅक घेऊन धावत आली. "काकू, तुमचा वरवंटा!"

"असू दे तिथेच," हर्षदा म्हणाली. "मालक येतायत."

मी म्हटलं, चल, आधी काहीतरी खाऊन घे. तर ती हलेना. कमानीसमोर, दर वर्षी उभी राहायची त्याच जागी जाऊन उभी राहिली. फरक एवढाच की पाठ रिकामी आणि गळ्यात मेडल.

"तुषारची वाट बघतेस?"

"त्यांची पण," ती म्हणाली आणि कानातलं यंत्र बोटाने नीट बसवलं.

टेबल आवरलं गेलं. कापड खरोखरच घडी होऊन गेलं. लाउडस्पीकरवाला चहाला गेला. मंडळातल्या एकाचंही जुळं त्या दिवशी खरं ठरलं नाही; एकेक जण आपापल्या वेळेहून उशिरा, लंगडत, घसा कोरडा पडलेला, असा येत होता आणि हर्षदाच्या गळ्याकडे बघून आधी टाळ्या वाजवत होता, मग नकळत सॅक शोधत होता. गायधनी सर आले, मेडल हातात घेऊन त्यांनी उलटसुलट तपासलं. "शंभरपैकी शंभर," म्हणाले, आणि या वेळी काहीही कापलं नाही.

मग वळणावर तुषार दिसला. तसाच, रस्त्याच्या एका अंगाने, शेजारची जागा मोकळी ठेवून. कमानीपाशी आल्यावर तो थांबला. बाजूला सरकला. दोन पावलं मागे झाला आणि लग्नाच्या पंगतीला विहीणबाईंना पुढे घालावं तसा हात करून कुणाला तरी आधी जाऊ दिलं.

"पोचले," हर्षदाच्या कानात तिचाच आवाज म्हणाला. चांगलाच दमलेला.

तुषार तिच्या मागून आला. त्याच्यासाठी मेडल उरलं नव्हतं, आणि त्याला त्याचं काही वाटल्याचं दिसलं नाही. तो बायकोकडे बघून जो हसत होता तो हसतच राहिला. हर्षदा पुढे झाली. पण त्याच्याकडे नाही. त्याच्या पुढ्यातल्या रिकाम्या जागेपाशी जाऊन ती थांबली, आणि दारात आलेल्या पाहुणीशी बोलावं तशी बोलली.

"ये बाई. दमलीस ना? ठेव ती आता खाली."